उक्ते, तासावर की टप्प्याने : आंब्याच्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करून घेतानाचा अनुभव

रत्नागिरीच्या दक्षिणेला पावसच्या परिसरात आमची हापूसची बाग आहे. कलमांची देखभाल, फवारणी आणि तोडणी माझे दीर पाहतात. मागण्या, हिशेब आणि ग्राहकांशी बोलणे माझ्याकडे असते. या कामासाठी आम्ही सॉफ्टवेअर दोनदा करून घेतले. पहिल्यांदा एका मोठ्या शहरातील कंपनीला काम उक्ते, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम आधी ठरवून, दिले, आणि दुसऱ्यांदा रत्नागिरीतीलच तीन जणांच्या एका लहान कार्यालयाकडून ते टप्प्याटप्प्याने करून घेतले. पहिले सॉफ्टवेअर एका हंगामातच बाजूला पडले, तर दुसरे २०२३पासून सलग तीन हंगाम चालले आहे. दोन्हीकडची मुले हुशार आणि मेहनती होती. फरक पडला तो कामाची किंमत कशी ठरवली यामुळे, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून हा अभिप्राय त्या लहान कार्यालयाच्या सेवेविषयी असला, तरी त्याचा मोठा भाग त्यांच्या दर लावण्याच्या पद्धतीविषयी आहे. दोघांचीही नावे मी घेत नाही, कारण तीच पद्धत दुसऱ्या कोणी वापरली असती तरी आमच्या बाबतीत बहुधा तेच घडले असते.

गरज कशी निर्माण झाली ते आधी सांगते. २०२०च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजारात माल पाठवणे अनिश्चित झाले, तेव्हा आमच्यासारख्या अनेक बागायतदारांप्रमाणे आम्हीही पुण्या-मुंबईतील ओळखीच्या घरी थेट पेट्या पोहोचवू लागलो. फोनवर आलेली मागणी मी दोनशे पानी वहीत लिहीत असे : नाव, पत्ता, किती डझनांची पेटी, कच्चा माल की तयार, आणि कोणत्या तारखेला हवा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या वहीत इतक्या खाडाखोडी आणि बाण झाले की अक्षय तृतीयेसाठी सांगितलेल्या सहा पेट्या चार दिवस उशिरा गेल्या, आणि ज्या घरी तयार आंबा हवा होता तिथे हिरवागार माल पोहोचला. ग्राहकांनी समजून घेतले, पण असे दर वर्षी चालणार नव्हते.

पहिल्या कंपनीशी करार ऑगस्ट २०२०मध्ये झाला. त्यांनी दोन वेळा फोनवर बोलून चौदा मुद्द्यांची यादी केली आणि त्या यादीसाठी २,४०,००० रुपये अधिक कर असा एकच आकडा सांगितला. आम्हाला तो आकडा फार सोयीचा वाटला. गडगा बांधायचा असो, कौले परतायची असोत किंवा शेड उभारायची असो, गवंड्याला काम उक्ते दिले की मालकाच्या डोक्याची कटकट जाते, हा आमचा अनुभव होता. पण गडगा कसा असतो हे आमच्या गवंड्याला आणि आम्हाला सारखेच माहीत असते. लांबी, रुंदी, उंची सांगितली की चिरे किती लागतील हे तो उभ्या उभ्या सांगू शकतो. आंब्याची मागणी नोंदवणारे सॉफ्टवेअर कसे असावे हे मात्र ना त्यांनी आधी पाहिले होते, ना आम्ही. दोघांनाही न दिसलेल्या वस्तूची किंमत आम्ही एका बैठकीत पक्की केली, आणि पुढचा सगळा त्रास त्यातून निघाला.

त्यांनी तयार केलेले सॉफ्टवेअर कोणत्याही दुकानाला चालेल असे होते. ग्राहकाने पेटी निवडायची, पैसे भरायचे, आणि शिल्लक साठ्यातून एक पेटी कमी व्हायची. आमच्याकडे साठा असा नसतोच. लाकडी पेटी तीच असते, पण फळ मोठे असले तर तीत चार डझन बसतात आणि लहान असले तर सात-आठ. आज झाडावरून उतरलेल्या मालातून कोणत्या आकाराच्या किती पेट्या होतील हे फळ निवडल्यावर कळते. भाव दर दोन दिवसांनी बदलतो. अढीतला, म्हणजे पेंढ्यात पिकायला ठेवलेला, माल कधी तयार होईल हे उष्म्यावर अवलंबून असते. फेब्रुवारीत माझ्या दिरांनी ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा पाहिले आणि म्हणाले, ‘वहिनी, झाडावर किती आहे ते झाडालाच ठाऊक, आणि हे चाळीस पेट्या शिल्लक दाखवतंय. या चाळीस आणायच्या कुठून?’

आम्ही बदल सांगू लागलो आणि प्रत्येक बदलाला उत्तर एकच आले : हे यादीत नव्हते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आमचेही नव्हते. अर्ध्या पेटीची मागणी यादीत नव्हती, कारण अर्धी पेटी कोणी मागेल का हे त्यांनी विचारले नाही, आणि ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हे आमच्या लक्षात आले नाही. ग्राहकाला एसएमएस जावा हा मुद्दा यादीत होता. पण ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८च्या नियमांनुसार असे संदेश पाठवणाऱ्या व्यवसायाला मोबाइल कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत स्वतःची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराची नोंदणी करावी लागते, हे काम कोणाचे आणि त्याचा खर्च कोणाचा हे लिहिलेले नव्हते. मार्च महिना त्या वादात गेला. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, आमच्याकडे वीज आणि मोबाइलची रेंज काही दिवस गेली, आणि रेंज नसताना ते सॉफ्टवेअर उघडतच नाही हे तेव्हा कळले. हेही यादीत नव्हते. मी पुन्हा वही काढली.

मला त्या कंपनीला दोष द्यायचा नाही. उक्त्या कामात बनवणाऱ्याचा नफा जितक्या कमी वेळात काम संपेल तितका वाढतो, आणि आमचे समाधान जितके अधिक बदल करून घेता येतील तितके वाढते. करार झाल्या दिवसापासून दोघांचे हित एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले होते. आमच्याकडे मोहोर येण्याआधीच बाग कराराने देण्याची पद्धत आहे. कराराने घेणारा आधी पैसे मोजतो आणि अवकाळी पाऊस, तुडतुडा, फळगळ या सगळ्याची जोखीम स्वतःवर घेतो, म्हणून तो किंमत हात राखूनच सांगतो. मालकाला चिंता नाही, पण चांगल्या वर्षाचा लाभही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो या वर्षीच्या फळाचा धनी असतो, झाडाचा नव्हे. पुढच्या वर्षी कलम थकेल की राहील हे पाहून तो खत घालत नाही, वाळक्या फांद्या काढत नाही. उक्त्या सॉफ्टवेअरचे अगदी असेच होते. ते सुपूर्द करायच्या दिवशी चालले पाहिजे एवढाच बनवणाऱ्याचा संबंध उरतो. आतली रचना पुढे बदल करायला सोपी आहे की नाही, यासाठी खर्च केलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो.

त्यानंतर एक तिसराच प्रस्ताव आमच्याकडे आला होता, त्याचा उल्लेख करते. आधी काहीच द्यायचे नाही, मात्र प्रत्येक विक्रीवर तीन टक्के द्यायचे. अडत देण्याची सवय असलेल्या आम्हा बागायतदारांना ही भाषा लगेच कळते, आणि वाईट वर्षी बोजाही हलका होतो. पण दीड हजार पेट्या आणि सरासरी तीन हजार रुपये भाव धरला तर विक्री ४५ लाखांची होते आणि तीन टक्के म्हणजे १,३५,००० रुपये, आणि तेही दर वर्षी. आमची विक्री वाढते ती मोहोर चांगला धरला म्हणून आणि ग्राहकाला फळ आवडले म्हणून. ज्या उत्पन्नाला सॉफ्टवेअरने हातभार लावला असे दाखवता येत नाही, त्यात कायमचा वाटा देणे मला पटले नाही. ज्यांची सगळी विक्रीच नव्या अ‍ॅपमुळे सुरू होणार आहे, त्यांनी मात्र या पद्धतीचा विचार करायला हरकत नाही.

एप्रिल २०२२मध्ये मी रत्नागिरीतील त्या लहान कार्यालयात गेले. मागचा अनुभव सांगितला आणि नेहमीचा प्रश्न विचारला की सगळे मिळून किती होतील. तिथल्या मुख्य मुलाने आकडा सांगायला नकार दिला. तो म्हणाला, ‘काकू, आज मी आकडा सांगितला तर तो एक तर तुम्हाला बुडवेल नाही तर मला.’ मग त्याने कागदावर डावीकडे रुंद आणि उजवीकडे निमुळते होत जाणारे एक चित्र काढले. बॅरी बोहम या अमेरिकी अभियंत्याने १९८१मध्येच मांडले होते की काम कल्पनेच्या अवस्थेत असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव इतका चुकू शकतो, आणि कामाचे स्वरूप जसे स्पष्ट होत जाते तशी ही चूक आकसत जाते. म्हणजे पहिल्या भेटीत उक्ता आकडा सांगणारा माणूस एक तर ती सगळी अनिश्चितता किमतीत घालतो, किंवा तोट्यात जाऊन पुढे काम ढकलतो. बोअर मारणारा फुटावर दर सांगतो, कारण खाली कातळ किती आणि पाणी किती खोल हे त्यालाही ठाऊक नसते, ही गोष्ट मला तेव्हा आठवली.

त्यांनी फक्त पहिल्या पायरीची किंमत सांगितली. दहा दिवसांची पाहणी, त्यासाठी उक्ते २०,००० रुपये, आणि पाहणीचा अहवाल आमच्या मालकीचा. तो घेऊन दुसऱ्या कोणाकडे काम दिले तरी त्यांची हरकत नाही. पाहणीसाठी पैसे द्यायचे हे दिरांना प्रथम रुचले नाही. घर पाहायला आलेला गवंडी कधी पैसे मागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी तरीही दिले, आणि आज या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा खर्च कोणता असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन.

त्या दहा दिवसांपैकी एक पूर्ण दिवस तो मुलगा आमच्या शेडमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून होता. सकाळी सातला झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, उतरवलेला माल आला. बायका फळ हातात घेऊन, देठाकडून पाहून, अंदाजानेच चार ढीग लावत होत्या, आणि शंका आली तरच काट्यावर ठेवत होत्या. त्याने लॅपटॉप उघडून विचारले की आजच्या यादीतल्या पाच डझनी पेट्या कोणत्या ढिगातून भरायच्या. आमच्याकडे वीस वर्षे निवडीचे काम करणाऱ्या मावशी हातातले फळ खाली न ठेवता म्हणाल्या, ‘बाळा, आधी फळ बघायचा, मग पेटीचा बोलायचा.’ त्याने लॅपटॉप मिटला आणि संध्याकाळपर्यंत वहीतच लिहीत राहिला. अढीपाशी जाऊन त्याने पेंढ्यातली उष्णता हाताने पाहिली, कोणत्या तारखेचा माल कुठे ठेवतात ते विचारले, आणि पेटीच्या झाकणावर आम्ही खडूने जी खूण करतो तिचा फोटो काढला. नव्या सॉफ्टवेअरची सगळी रचना त्या दिवसातून आली आहे. त्यात सुरुवात मागणीपासून होत नाही. सुरुवात तोडणीची तारीख आणि आकार यांच्या ढिगापासून होते, आणि मागण्या नंतर त्या ढिगांना जोडल्या जातात. उक्त्या कामात असा एक दिवस फुकट बसायला कोणी आले नसते, आणि त्यांनी यावे अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्कही आम्हाला नव्हता.

पाहणीच्या अहवालात कामाचे तीन भाग केले होते, आणि प्रत्येकाला दर लावण्याची रीत वेगळी होती. ग्राहकांची यादी, पावत्या, पैशांची नोंद, गाडीनिहाय याद्या ही कामे त्यांनी अनेकदा केलेली असल्यामुळे ती उक्ती, १,१०,००० रुपयांत. ढिगांना मागण्या जोडण्याचे काम अर्धे ठाऊक आणि अर्धे अंधारात, म्हणून ते तासाला ८०० रुपयांप्रमाणे, पण कमाल दीडशे तासांच्या मर्यादेत. मर्यादा ओलांडायची वेळ आली तर आधी काम थांबवून आमची संमती घ्यायची. रेंज नसताना फोनवर नोंद करून नंतर ती जुळवून घेणे, आणि पेटीवरच्या चिठ्ठीवरून मालाचा माग काढणे, या दोन गोष्टी आमच्या शेडमध्ये जमतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून त्यांसाठी प्रत्येकी १५,००० रुपयांचा एक छोटा प्रयोग. प्रयोग फसला तर पुढे खर्च नाही. पहिला प्रयोग उत्तम जमला. दुसरा फसला, कारण दमट हवेत आणि पेंढ्याच्या घर्षणाने चिठ्ठ्या वाचण्याजोग्या राहिल्या नाहीत. ते १५,००० गेले, पण दीड लाखांच्या कामात गुंतून मग ते कळले नाही, याचे मला समाधान आहे.

प्रत्यक्षात १२८ तास लागले, म्हणजे १,०२,४०० रुपये. सगळे मिळून २,६२,४०० झाले, म्हणजे पहिल्या उक्त्या कामापेक्षा २२,४०० रुपये अधिक. टप्प्यांची पद्धत स्वस्त पडते असा दावा मी म्हणूनच करणार नाही. आमच्या पैशांत या वेळी वापरात येणारी वस्तू मिळाली, इतकेच मी म्हणू शकते.

तासांच्या दराविषयी आमच्या मनात जी भीती होती ती अनेकांच्या मनात असते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. रोजावर माणूस लावला की तो काम रेंगाळवतो, असा सार्वत्रिक समज आहे, आणि शेतावर मालक उभा असेल तर निदान डोळ्यांनी दिसते. संगणकापुढे बसलेला माणूस विचार करतो आहे की वेळ काढतो आहे हे मला कसे कळणार? या कार्यालयाने त्याला दिलेले उत्तर असे होते की दर शनिवारी चालू स्थितीतील सॉफ्टवेअर माझ्या फोनवर दाखवायचे, आणि सोबत त्या आठवड्याचा तासांचा तक्ता द्यायचा. माझ्याकडे ते सगळे तक्ते जपून ठेवलेले आहेत. ऑक्टोबरमधील एका तक्त्यात अशी नोंद आहे : एकाच ग्राहकाच्या दोन पत्त्यांवर वेगवेगळ्या आकाराच्या पेट्या, ३ तास ४० मिनिटे. तिच्या खालची ओळ आहे : वरील कामात आमच्याकडून जुन्या मागण्यांची तारीख बदलली गेली, ती दुरुस्त केली, २ तास, आकारणी नाही. ती दुसरी ओळ लिहिली नसती तर मला कधी कळलेही नसते. तासांवर काम देण्याचा विश्वास मला त्या ओळीने दिला.

चूक कोणाची आणि बदल कोणाचा, हे त्यांनी करारात आधीच लिहून घेतले होते, आणि पहिल्या वेळी आम्हाला नेमके हेच सुचले नव्हते. लिहून ठरलेले काम तसे चालले नाही तर दुरुस्ती त्यांच्या खर्चाने. आम्ही नव्याने काही मागितले तर आमच्या खर्चाने. आणि दोघांनी एकच वाक्य वेगवेगळ्या अर्थाने घेतले असेल तर अर्धा-अर्धा. हा तिसरा प्रकार सर्वांत अधिक वेळा आला. ‘तयार माल’ म्हणजे आमच्या मते खायला तयार, आणि त्यांच्या मते पाठवायला तयार. या एका शब्दाने सहा तास खाल्ले, आणि त्यातले तीन आम्ही दिले.

कामाचा आकार मोजून दर लावण्याचीही एक जुनी रीत आहे. आयबीएममधील अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९मध्ये फंक्शन पॉइंट नावाचे माप मांडले, ज्यात सॉफ्टवेअरमध्ये माहिती किती प्रकारे आत येते, बाहेर जाते आणि साठवली जाते यावरून त्याचा आकार काढतात. बांधकामात ब्रासवर दर असतो तसेच हे आहे. मोठ्या संस्थांच्या कामात त्याला जागा आहे; आमच्यासारख्या लहान कामात मोजण्याचाच खर्च कामाला जड होईल, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

किमतीत नेमके काय विकत घेतले जाते, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने पहिल्याच दिवशी विचारावा. पहिल्या कंपनीला सगळे पैसे दिल्यावर मी सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, मागितला, तेव्हा तो आमचा नाही असे उत्तर मिळाले, आणि चौकशी केल्यावर ते कायद्याला धरून असल्याचे कळले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि तिचा पहिला मालक तो लिहिणारा असतो. नोकरीत लिहिले तर ती मालकाची होते, पण बाहेरच्याकडून पैसे देऊन करून घेतले एवढ्याने प्रोग्राम आपला होत नाही. हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित व्हावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते धरले जाते, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते. दुसऱ्या करारात शेवटच्या हप्त्याबरोबर आमच्यासाठी लिहिलेल्या भागाचे सर्व हक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी आमच्याकडे येतील असे कलम आहे; त्यांनी आधीपासून तयार ठेवलेले सर्वसाधारण भाग त्यांचेच राहतील, पण ते वापरण्याची आम्हाला कायम परवानगी आहे. ही वाटणी मला रास्त वाटली, कारण तेही विकत मागितले असते तर किंमत पुष्कळ वाढली असती.

कराचा मुद्दा बागायतदारांसाठी वेगळा आहे. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्या व्यावसायिकाच्या स्वतःच्या मालावर जीएसटी असतो तो भरलेल्या कराची वजावट घेऊ शकतो. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे आम्हाला ती वजावट मिळत नाही आणि २,६२,४०० रुपयांवरचे ४७,२३२ हा आमचा सरळ खर्च ठरतो. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे दोन प्रस्तावांची तुलना करताना कर धरून येणारा अंतिम आकडा मांडावा. आपल्या बाजूचीही एक जबाबदारी आहे. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या सेवादात्याचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. तीन माणसांच्या कार्यालयाला महिनाभर थांबवून ठेवले तर त्यांचे पगार अडतात, म्हणून आम्ही शनिवारचा तक्ता मंजूर झाला की पुढच्या आठवड्यात पैसे देतो, आणि त्या बदल्यात त्यांनी आगाऊ रक्कम मागितलेली नाही.

सॉफ्टवेअर सुरू झाल्यानंतरच्या देखभालीचा दर त्यांनी आमच्या हंगामाप्रमाणे बांधून दिला, याचे मला विशेष कौतुक वाटते. मार्च ते मे महिन्याला १२,००० रुपये, आणि त्या काळात अडचण कळवल्यापासून दोन तासांत कोणी तरी कामाला लागेल अशी हमी. बाकीचे नऊ महिने प्रत्येकी ३,००० रुपये आणि दोन दिवसांची मुदत. वर्षाचे ६३,००० होतात. सर्व्हरचे भाडे, एसएमएसचा खर्च आणि पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे शुल्क यांची बिले थेट आमच्या नावावर येतात, त्यात त्यांची टक्केवारी नाही. मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री सव्वानऊला गाडीची यादी छापली जाईना, तेव्हा पावणेअकराला ती छापली गेली आणि गाडी ठरल्या वेळी सुटली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तासांची मर्यादा जवळ आली तेव्हा त्यांनी हिशेबाचे एक विवरण घाईत उरकले, आणि ते नंतर दुरुस्त करावे लागले. मर्यादेचा दबाव उक्त्या कामासारखाच वागतो हे तेव्हा दिसले. तक्ते सुरुवातीला त्यांच्या धंद्याच्या आडनिड्या संक्षेपांत येत असत, आणि ते साध्या मराठीत लिहा असे मला तीनदा सांगावे लागले. या पद्धतीत ग्राहकाला वेळ द्यावा लागतो, हे पहिल्या दिवशी अधिक स्पष्टपणे सांगायला हवे होते. दर शनिवारचा एक तास मी पावसाळ्यात देऊ शकले, पण ऐन हंगामात ते जमले नसते. ज्यांना हा वेळ देणे शक्य नाही त्यांनी ही पद्धत स्वीकारू नये.

प्रत्येकाला टप्प्यांचीच गरज आहे असेही नाही. गुहागर किंवा तारकर्लीला चार खोल्यांचे घरगुती निवास चालवणाऱ्याला फोटो, दर आणि खोली राखून ठेवण्याची सोय असलेले संकेतस्थळ हवे असेल, तर ते शंभरदा झालेले काम आहे; ते खुशाल उक्ते द्यावे आणि हक्क, सर्व्हर, दुरुस्ती एवढे लिहून घ्यावे. उलट, जिथे कामाची रीत हातात आणि डोळ्यांत आहे, कागदावर नाही, तिथे पहिल्या दिवशी मिळालेल्या उक्त्या आकड्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही. मासळीच्या लिलावाचा हिशेब, काजू सोलण्याची मजुरी किंवा आमच्यासारखी आंब्याची निवड ही सगळी कामे याच जातीची आहेत.

आता आम्हाला कॅनिंगसाठी जाणाऱ्या मालाची नोंद त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणायची आहे. तो माल किलोवर जातो, त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, वेगळी असते आणि घट कोणाच्या खात्यावर धरायची हा दर वर्षीचा वाद आहे. मी त्यांना दर विचारला. त्यांनी कारखाना सुरू असताना मे महिन्यातला एक दिवस मागितला आहे, सकाळी गाडी काट्यावर चढते तिथपासून संध्याकाळी पट्टी हातात पडेपर्यंतचा. त्या दिवसाचे ६,४०० रुपये मी मंजूर केले आहेत, आणि पुढचा आकडा त्यानंतरच ठरेल. दिरांनी या वेळी स्वतःच त्यांच्यासाठी क्रेटऐवजी खुर्ची ठेवायला सांगितली आहे.